गणपतीपुढे वाळवंट

"तिकडे नुसती वाळूच ना हो?"

लालबागला कायमचं परत आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला तो ऐकू येतो. भाजीवाली विचारते. खालच्या मजल्यावरच्या काकी विचारतात. माझी फणसवाडीतली सख्खी बहीण, जिला मी दर सुट्टीत खजुराचे डबे आणून दिले, तीसुद्धा विचारते. आणि विचारतात कसल्या, उत्तरही स्वतःच देऊन मोकळ्या होतात. वाळू, उंट, तेल. झालं, संपला देश. अहो, मी तिथे संसार केला, लेक वाढवली, समुद्राचं खारं पाणी गोडं करून देतात ते वर्षानुवर्षं प्यायले. मग मी काय वाळू फाकत बसले होते?

देशाचं नाव कतार. नकाशात बघाल तर अरबस्तानाच्या कुशीतून अंगठ्यासारखा बाहेर आलेला तुकडा. तिन्ही बाजूंना समुद्र, नदी एकही नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. आमचे हे तिथे माझ्या कितीतरी आधी गेले. सासऱ्यांची गिरणी बंद पडली, घरात मोठे हेच, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. गाडी चालवता येत होती, तेवढ्या जोरावर गेले. पाइपलाइनचा सर्वे करणाऱ्या माणसांना गाडीतून वाळवंटात न्यायचं आणि संध्याकाळी धडपणी परत आणायचं, हे ह्यांचं काम. पुढे कंपनीने कुटुंब आणायची परवानगी दिली आणि मी गेले. सगळी उमर ह्यांनी तिथे काढली. आणि चाळीत त्याचं नाव काय? "दादा गल्फला होता." एवढंच. जसं काही माणूस इतकी वर्षं बाथरूमला गेला होता.

हे मी रागाने लिहितेय, हो. राग येण्यासारखंच आहे. कारण गेली दोन-एक वर्षं हे विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग भाज्यांची नावं, मग आमच्याच मजल्यावरची माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. पण तो देश विसरले नाहीत. सकाळी उठून शर्ट घालून तयार होतात आणि मला म्हणतात, "चल, उशीर झाला, गाडी गरम करायला हवी." एकदा तसेच निघून गेले. परळच्या पुलाखाली सापडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, साइटची गाडी कुठे लावलीय म्हणून. तेव्हापासून भावजींच्या सांगण्यावरून आमच्या दाराला बाहेरून कडी लागायला लागली. मी बाजारात जाताना लावायची, भावजी येता-जाता तपासायचे. नवऱ्याला कोंडून मी कोथिंबीर आणायला जात होते. स्वतःची लाज वाटायची मला आणि त्याहून जास्त संताप यायचा.

भावजी म्हणजे माझा दीर, तोच धाकटा भाऊ. आमच्या समोरच्या खोलीत राहतात आणि चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष आहेत. माणूस वाईट नाही. दादावर जीव आहे त्यांचा. पण आदल्या गणपतीत आरती चालू असताना हे मध्येच मोठ्याने "गाडी कुठे लावली? गाडी कुठे?" म्हणायला लागले. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पोरं गॅलरीत नक्कल करत फिरत होती. भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. आणि मग त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे दादाला खाली आणायचं नाही.

"बसू दे वरती. आरती ऐकू येते की," असं मला म्हणाले.

मी तेव्हा मूग गिळून गप्प बसले. यंदा नाही बसले.

आमच्या चाळीत देखाव्याची पाळी असते. दरवर्षी एक मजला देखावा ठरवतो, बाकीचे मजले मान डोलावतात आणि मागाहून नावं ठेवतात. यंदा आमच्या दुसऱ्या मजल्याची पाळी होती. गॅलरीत मीटिंग बसली. कोण म्हणालं लेणी करू, कोण म्हणालं जत्रा करू. मी म्हटलं, "कतारचा किनारा करायचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावजींनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, गणपतीपुढे वाळवंट?"

"का? गेल्या साली चंद्र केला होतात ना? चंद्रावर कोण मोदक खातं?"

बायका खो खो हसल्या. मला तेवढंच हवं होतं. मी लगेच उभी राहिले. "ह्या मजल्यावरची एक खोली दाखवा, जिच्यातलं कुणी गल्फला गेलं नाही. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, कुणाची मुलगी. घरात आलेला फ्रिज तिथला, टीव्ही तिथला, पोरीच्या लग्नातलं सोनं तिथलं. आणि तो मुलूख दिसतो कसा, हे तुमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. विचारलंत? बोला ना!"

एकेक मान डोलली. देखावा माझा झाला.

माझ्या मनात काय होतं, ते मी लपवत नाही. मला ह्यांना त्या देखाव्यापुढे आणायचं होतं, सगळ्या चाळीच्या देखत. हा माणूस वेडा नाही, हा एका जागी उभं आयुष्य काढून आलाय आणि ती जागा अशी आहे, हे दाखवायचं होतं. ह्यांना ती ओळखू येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. ओळखू आली नसती तर माझं हसं झालं असतं आणि ह्यांचं त्याहून जास्त. मग ती कडी कायमचीच. हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी मी हट्टाला पेटले होते.

देखावा करणारा आमच्याच गावाकडचा, मालवणचा. त्याचं सामान शिवडीच्या एका गोडाउनात असतं. त्याला मी अर्धा तास समजावून सांगितलं. तो "हो ताई, हो ताई" करत गेला आणि दोन दिवसांनी टेम्पो घेऊन आला. टेम्पोतून काय उतरलं? दोन उंट, एक पिरॅमिड आणि एक खजुराचं झाड. झाडाला नारळ.

"अरे मेल्या, खजुराला नारळ?"

तो झाडाकडे बघत राहिला. त्याला खरंच काही चुकलं असं वाटत नव्हतं. "ताई, माड तर माड. नारळ नाय तर काय लावू?"

आता ह्यावर काय बोलणार? कोकणातल्या माणसाला उंच बुंधा आणि वर झावळ्या दिसल्या, की त्याचा हात आपोआप नारळ लावतो. मी हसले, मग चिडले, मग परत हसले. पिरॅमिड परत पाठवला. तो दुसऱ्याच देशातला, हे त्याला पटवायला मला घसा फोडावा लागला. उंट त्याने हट्टाने ठेवून घेतले, कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. "लागले तर असूं देत," म्हणाला.

मग मी त्याला घेऊन शिवडीच्या बंदराकडे गेले. ओहोटी होती. समोर काळा चिखल पसरलेला, त्यात तिवरं. मी म्हटलं, "हे बघ. हीच झाडं तिथे आहेत."

"वाळवंटात तिवरं?" तो म्हणाला. "ताई, मस्करी करू नको."

मस्करी! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी गेले त्या वर्षी एका शुक्रवारी हे मला उत्तरेकडच्या खाडीवर घेऊन गेले. रस्ताभर दोन्ही बाजूंना खडी आणि धूळ, झाड नाही, सावली नाही, मी मनात म्हणत होते, काय बघायला आणलंय ह्या माणसाने. आणि खाडीशी गाडी थांबली तर समोर हिरवंगार. पाण्यात उभी तिवरं, त्यांच्या मुळांची टोकं चिखलातून वर आलेली, लांबवर गुलाबी पायांचे रोहित पक्षी, शिवडीला येतात तसलेच. ह्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "चाट." चाटलं तर खारट. तिवर मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मग मला सांगितलं, पहिल्या वर्षी, एकटे असताना, साइटवरून येताना ही झाडं दिसली आणि हे गाडीतच ओरडले, "अरे, ही तर आमचीच तिवरां!" गाडीत कुणी मालवणी नव्हतं. खाली उतरून पान चाटलं आणि रडले. माझा नवरा मला रडल्याचं सांगत होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या झाडांनी ह्यांना तिथे टिकवलं. मग त्या देशाला नुसती वाळू म्हणाल तर मी ऐकून घेईन?

तर तिवरं करायची ठरली. खरी तोडायला बंदी आहे आणि नसती तरी मी तोडू दिली नसती. तारेचे सांगाडे केले, कापड आणायला हिंदमाताला गेले. दुकानदार एकामागून एक पोपटी, हिरवे, पाचूचे गठ्ठे उलगडतोय आणि मी मान हलवतेय. "अहो, उडालेला हिरवा द्या. धुऊन धुऊन विटलाय असा. त्यावर राखेचा हात फिरवल्यासारखा." शेवटी त्याने वैतागून अस्तराच्या कापडाचा जुना गठ्ठा काढला, उन्हात राहून रंग गेलेला. तोच नेमका. मुळांच्या टोकांसाठी हिराची केरसुणी सोडून एकेक हीर चिखलात उभा रोवला. बायकांनी दुपारभर बसून ते काम केलं आणि करता करता मला विचारायला लागल्या. खरोखर विचारायला लागल्या.

ऊन किती असतं? मी सांगितलं, उन्हाळ्यात दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर भाजतो. भाद्रपदाच्या सुमाराला हवेत इतका दमटपणा, की एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर माणूस आंधळा होतो. वारा? उन्हाळ्याच्या तोंडाला वायव्येकडून येतो, त्याला शमाल म्हणतात. आला की घरात दारंखिडक्या लावूनही भांड्यांवर धूळ बसते. मी चिडून दिवसातून तीनदा पुसायचे, मग पुसणं सोडून दिलं. पाऊस? पडतो की! थंडीत, अगदी थोडा. पण पडला की खोलगट जागेत पाणी साचतं आणि काही दिवसांत तिथे बारीक गवत, रानफुलं येतात. लोक चटया घेऊन तिथे जेवायला जातात. आम्हीही जायचो. डब्यात सुरमईचं तिखलं आणि भाकरी. समुद्र उथळ, कोमट, आपल्यापेक्षा कितीतरी खारा. दक्षिणेला वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरतात आणि समुद्र आत शिरून तळ्यासारखा पसरतो. मी जिथे जिथे गेले, तिथे मला गाडीतून नेणारे हे होते.

एवढ्यात एका बाईने विचारलं, "मग तुमचे हे वाट कशी शोधायचे?"

त्याचं उत्तर म्हणजेच माझा देखावा होता. तिथे किनाऱ्यालगत मैलोगणती सपाट खारी जमीन आहे, तिला सबखा म्हणतात. समुद्राचं पाणी जमिनीखालून वर चढतं, उन्हाने उडून जातं, मीठ तेवढं वर राहतं आणि दुधावर साय धरावी तशी त्याची साय धरते. वरून पांढरी, टणक, सपाट. वाटतं, खुशाल गाडी दामटावी. आणि खाली ओला चिखल. ह्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात गाडी अशी रुतली, की चाकांच्या आसापर्यंत आत गेली. सगळे उतरून पाण्याच्या बाटल्या घेऊन भर उन्हात रस्त्यापर्यंत चालत आले. एकजण वाटेत कोसळला, त्याला ह्यांनी खांद्यावर घेतलं. त्यानंतर हे जमीन वाचायला शिकले. पांढऱ्याच्या किती छटा असतात ते ह्यांना कळायचं. पुढे कधी ह्यांच्या गाडीतलं माणूस चिखलात गेलं नाही.

म्हणून मंडपात गणपतीपुढे मला सबखा हवा होता. देखावा करणारा म्हणाला, पांढरं कापड ताणू. मी म्हटलं, नाही, मीठ. गणपतीच्या कारखान्यांतून उरलीसुरली शाडू आणून ओली करून पसरली, त्यावर रेती, त्यावर जाडं मीठ, गोणीच्या गोणी. एका कडेने खडीची चिंचोळी पट्टी सोडली, तिथल्या खडकाळ जमिनीसारखी. एका अंगाला तिवरं. मागे उंचावर बाप्पा. चतुर्थीला पहाटे मी खाली उतरून पाहिलं. दिव्यात ते सगळं इतकं लखलखत होतं, की मला एकदम गलबलून आलं.

दुपारपर्यंत मिठाला पाणी सुटलं.

सुटणारच ना! भाद्रपदातली मुंबई, वर ताडपत्री, आत शंभर माणसांचा घाम. लखलखाट गेला. जागोजागी करडे डाग पडले, कडेने ओघळ आले. भावजी मंडपात आले आणि भडकले.

"बघा वहिनी! स्वयंपाकघरातल्या बरणीत तुम्ही मिठात तांदूळ घालता ना? आणि इथे गोण्या ओतल्यात! सगळा लोच्या झाला. संध्याकाळी लोक येणार, त्यांना काय चिखल दाखवू?" मग देखावा करणाऱ्याला म्हणाले, "काढ ते उंट. वर प्लास्टिक टाक, त्यावर रेती टाक, उंट उभे कर."

तो खरोखर ताडपत्री ओढायला लागला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"उंटाला हात लावलास तर बघ."

मग मी खाली वाकून मिठावर तळवा ठेवला. वरची साय धरलेली होती, दाबल्यावर किंचित दबली, खालचा गारवा हाताला लागला. पहाटे दिसायला सुंदर होतं, पण ते खोटं होतं. आता खरं झालं होतं. मी हसायलाच लागले. "भावजी, हे अस्संच असतं. आत्ता बरोबर झालंय."

"पुरे करा हो," ते म्हणाले. "चूक झाली तर झाली म्हणा. तुमचा हट्ट दादासाठी आहे, मला कळतं. पण मी सांगून ठेवतो, दादाला खाली आणायचं नाही. लोक हसलेले माझ्याने बघवत नाही."

"तुमच्याने बघवत नाही, म्हणून त्यांनी अंधारात बसायचं?" माझा आवाज सगळ्या मंडपात गेला असणार, जाऊ दे. "तुमची फी भरायला तो माणूस त्या उन्हात गेला. लाज कसली वाटते तुम्हाला? आजाराची? आजार काय त्यांनी मागून घेतला? मी आणणार. ह्याच मिठापुढे आणणार. हसू दे कुणाला हसायचंय ते, मी बघते एकेकाला."

भावजी तरातरा निघून गेले. मी ताडपत्री परत उंटांवर ओढून घेतली.

संध्याकाळी मी ह्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस विंचरले. "कुठे जायचंय?" हे म्हणाले. मी म्हटलं, "खाली." एकेक पायरी उतरवत आणलं. मंडप भरलेला होता, झांजा वाजत होत्या. आम्हाला बघून बोलणं कमी झालं. पाठीमागे कुणीतरी हळूच फिस्सकन हसलं, मी वळून बघितलं तसं थांबलं.

हे मिठाच्या कडेला उभे राहिले. बघत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. तिवरांकडे बघितलं, तरी काही नाही. मी दंड धरून उभी, मनात म्हणतेय, बोला हो, काहीतरी बोला, एक शब्द बोला. हे नुसते डोळे बारीक करून जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात भावजी बाजूने आले, हातात पेटवलेलं आरतीचं ताट. माझ्यावरचा राग गेलेला नव्हता, आमच्याकडे बघितलंही नाही. बाप्पापाशी पोचायचं म्हणून सरळ मिठावर पाऊल टाकलं.

"थांब!"

दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. चाळीने तर कधीच ऐकला नव्हता. झांजा थांबल्या. भावजींचा पाय घोट्यापर्यंत आत गेला होता, साय फुटून खालची करडी शाडू वर आली होती, ताट कलंडायला लागलं होतं. ह्यांनी माझा हात झटकला आणि त्यांचं मनगट पकडलं.

"मरूचा आसा काय तुका? सुको दिसता म्हणान सुको नसता तो!"

भावजींनी पाय ओढून काढला. मला वाटलं, आता म्हणतील, दादा, हा देखावा आहे. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. सगळी चाळ बघत होती. भावजींनी माझ्याकडे बघितलं, मग चिखलाने भरलेल्या आपल्या पायाकडे, मग मनगट घट्ट धरून उभ्या असलेल्या भावाकडे. त्यांचे डोळे भरून आले.

"दादा," ते म्हणाले, "मग खयसून येव?"

ह्यांनी मान वळवून सगळं मैदान नजरेखालून घातलं, अगदी शांतपणे, घाई न करता. मग कडेच्या खडीकडे बोट केलं.

"थयसून. माझ्या फाटसून ये. मी पाय टाकतंय, थयच टाक."

आणि हे पुढे निघाले. मागे भावाचं मनगट धरलेलं, त्याच्या दुसऱ्या हातात आरतीचं ताट. त्यांच्यामागून झांजवाले, मग बायका, मग पोरं, एकापाठी एक, खडीच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरून, पाय जपून टाकत. सगळी चाळ अशी चाललेली मी कधी पाहिली नाही. मी सगळ्यांच्या शेवटी होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

बाप्पापाशी पोचल्यावर हे वळले. माणसं मोजावीत तसे रांगेवरून डोळे फिरवत म्हणाले, "सगळे इले?"

"इले, दादा," भावजी म्हणाले. "सगळे इले."